हात गेला, हुकूम शाबूत आहे

अपघातात कामगाराचा हात गेला की शाखा कार्यालयातील काम ठरलेले असते. जखमीला रुग्णालयात पोहोचवले, घरी निरोप गेला, अपघाताचा अहवाल नोंदला गेला, की कोणीतरी कपाटातून १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचे जुने पुस्तक काढतो आणि परिशिष्टातला तक्ता उघडतो. अंगठा गेला असेल तर कमाईच्या शक्तीत ३० टक्के घट. पंजा गेला तर ६० टक्के. खांद्यातून हात गेला तर ९० टक्के. दोन्ही हात गेले तर पूर्ण १००. पगार, वय आणि हा टक्का यांचा गुणाकार झाला की हाताची किंमत कागदावर उतरते. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. परंतु कमाईची शक्ती किती गेली ते मोजायचे आणि त्यावर रक्कम ठरवायची, ही हिशेबाची रीत तीच राहिली आहे.

हा हिशेब आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आणि त्यातला पै न् पै कामगाराच्या पदरात पडावा म्हणून भांडत आलो. त्यात काही चूक नाही. पण हा तक्ता काय गेले तेवढेच मोजतो. माणसात काय उरले आणि त्याच्या जोरावर काय परत मिळवता येईल, हा प्रश्न तो विचारीत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वैद्यकशास्त्र आणि विद्युतशास्त्र यांनी मिळून या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे, ते आमच्या रेल्वे व टपाल कामगारांपर्यंत पोहोचावे आणि त्यावर संघटनेने आताच विचार करावा, म्हणून हा अग्रलेख.

सुरुवात एका कामगारापासूनच करू. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात जेसी सुलिव्हन हा विजेच्या तारांवर काम करणारा लाइनमन होता. मे २००१ मध्ये काम करताना त्याला उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसला आणि त्याचे दोन्ही हात खांद्यापासून काढावे लागले. आमच्या रेल्वेत २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड तारांखाली काम करणाऱ्या टीआरडीच्या बांधवांना या अपघाताचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी शिकागोचे डॉ. टॉड कुइकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुलिव्हनवर एक वेगळीच शस्त्रक्रिया केली. हाताकडे जाणाऱ्या ज्या नसा खांद्यापाशी तुटून राहिल्या होत्या, त्या त्यांनी छातीच्या स्नायूंना जोडल्या. काही महिन्यांनी त्या नसा तिथे रुजल्या. मग सुलिव्हनने मूठ मिटायचे मनात आणले की छातीचा एक ठरावीक भाग आखडू लागला, आणि मूठ उघडायचे मनात आणले की दुसरा. छातीच्या त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांनी ती हालचाल टिपली आणि यांत्रिक हाताला पोहोचवली. एवढेच नव्हे, तर छातीवर त्या जागी स्पर्श केला असता गेलेल्या हाताला कोणी हात लावल्याचा भास त्याला होऊ लागला.

यातला मुद्दा कामगाराने नीट ध्यानात घ्यावा. हात तुटतो, पण मेंदूतून निघणारा हुकूम तुटत नाही. मूठ मिट, मनगट फिरव, बोट उचल, हे हुकूम मेंदू पूर्वीप्रमाणेच देत राहतो. नसांमधून ते तुटलेल्या जागेपर्यंत येतात आणि पुढे मार्ग नाही म्हणून थांबतात. सिग्नल दिला आहे, पण पुढचा रूळ उखडलेला आहे, अशी ही अवस्था. हात कोपराखाली तुटला असेल तर त्या हुकमाचे पालन करणारे स्नायूही बरेचसे उरलेल्या भागात जिवंत असतात. स्नायू आखडताना त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. त्वचेवर मोजली तर ती एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास भरते. पंचवीस हजार व्होल्टने जो हात नेला, तो परत चालवण्याचा मार्ग या एवढ्याशा विजेतून जातो.

ही कल्पना आजची नाही. स्नायूंच्या विजेवर चालणारा हात १९६० च्या सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बनवून प्रत्यक्ष वापरात आणला होता. पुढे युरोप-अमेरिकेत असे हात बाजारात आले आणि आजही ते विकले जातात. त्यांची अडचण एकच आहे, पण मोठी आहे. वीज टिपणाऱ्या पट्ट्या त्वचेवर बसतात. त्वचेला घाम येतो, हात वर केला की सॉकेट सरकते, पट्टी जागेवरून हलते आणि हुकूम चुकतो. शिवाय कोपराखाली एकावर एक असे वीसच्या आसपास स्नायू असतात. वरून पट्टी लावली की त्यांची वीज एकमेकांत मिसळते, जणू दहा माणसे एकाच फोनवर एकदम बोलत आहेत. त्यामुळे व्यवहारात दोनच हुकूम स्पष्ट मिळतात, उघड आणि मिट. मनगट फिरवायचे तर आधी दोन्ही स्नायू एकदम आवळून यंत्राला सांगायचे की आता मनगटाची पाळी. एक कप उचलून तोंडाला लावायचा तर तीन-चार टप्पे. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात, घामाने निथळत असलेल्या खलाशाला असा हात किती वेळ साथ देईल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. असे महागडे हात काही दिवस वापरून माणसे पेटीत ठेवून देतात, ते आळसाने नव्हे.

स्नायूच्या आत बसवलेला सेन्सर हा या अडचणीवरचा उपाय आहे. अमेरिकेत तयार झालेला एक सेन्सर सुमारे १६ मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड आहे. पेन्सिलीतल्या शिशाच्या लहान तुकड्याएवढा म्हणा. लहानशी शस्त्रक्रिया करून तो नेमक्या स्नायूत ठेवला जातो. त्यात बॅटरी नाही आणि त्वचेतून बाहेर येणारी तारही नाही. कृत्रिम हाताच्या सॉकेटमध्ये तारेचे वेटोळे असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून सेन्सरला शक्ती मिळते आणि सेन्सर आपल्या स्नायूची खबर बिनतारी संदेशाने बाहेर पाठवतो. प्रत्येक स्नायूला स्वतःचा सेन्सर असल्यामुळे हुकूम एकमेकांत मिसळत नाहीत. घाम आला किंवा हात वर गेला तरी सेन्सर आपली जागा सोडत नाही. अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कोपराखाली हात गमावलेल्या दोघांवर याचा पहिला प्रयोग झाला आणि २०१५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांना तीन प्रकारच्या हालचाली, एकीची पाळी संपण्याची वाट न पाहता, एकदम करता येऊ लागल्या. त्याच वर्षी आइसलँडच्या ओसुर कंपनीने पाय गमावलेल्या दोघांच्या स्नायूंत असे सेन्सर बसवून कृत्रिम पाय चालवल्याचे जाहीर केले. २०१९ साली व्हिएन्नाच्या डॉ. ऑस्कर आस्मान यांच्या पथकाने कोपराच्या वर हात गमावलेल्या तिघांमध्ये दोन्ही युक्त्या एकत्र केल्या. नसा नव्या स्नायूंत रुजवल्या आणि त्या स्नायूंत सेन्सर ठेवले.

स्वीडनमध्ये थोडा वेगळा मार्ग घेतला गेला. जानेवारी २०१३ मध्ये गोथेनबर्ग येथे डॉ. रिकार्ड ब्रोनेमार्क आणि अभियंता मॅक्स ऑर्टिझ कॅटलान यांच्या पथकाने एका माणसाच्या दंडाच्या हाडातच टायटॅनियमचा दांडा बसवला. स्नायूंवर व नसांवर तारा जोडल्या आणि त्या दांड्यातून बाहेर आणून कृत्रिम हाताला दिल्या. सॉकेट नाही, पट्टे नाहीत. हा माणूस ट्रक ड्रायव्हर होता. ट्रकवरचा माल आवळून बांधणे, यंत्रे चालवणे, अंडी न फोडता बाहेर काढून ठेवणे आणि मुलांच्या स्केटच्या नाड्या बांधणे ही कामे तो त्या हाताने करू लागला, असे २०१४ च्या शोधनिबंधात नमूद आहे. २०२० साली अशा चार जणांचा तीन ते सात वर्षांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यात हे हात प्रयोगशाळेत नव्हे, तर घरी आणि कामावर वापरले जात होते.

वाचकांनी मात्र कोणत्याही भ्रमात राहू नये. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले ती माणसे अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शस्त्रक्रिया म्हटली की जंतुसंसर्गाचा धोका आला. त्वचेतून दांडा बाहेर येतो तिथे तर तो अधिकच. महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. यांत्रिक हात कितीही चांगला झाला तरी जन्माच्या हाताची बरोबरी करीत नाही. उद्या सकाळी रेल्वे रुग्णालयात जाऊन मागितला आणि मिळाला, अशी ही वस्तू नाही. मग आम्ही त्यावर आज का लिहितो? कारण नवीन साधन आले की ते कोणाला, कोणत्या अटींवर, कोणाच्या खर्चाने मिळणार, याचे नियम सुरुवातीच्या काळातच लिहिले जातात. त्या वेळी कामगार संघटना गप्प राहिली तर नियम दुसरेच कोणी लिहितात.

या बाबतीत आपल्या देशाजवळ एक धडा आहे आणि तो अभिमानाचा आहे. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासह जो पाय घडवला, तो आज जयपूर फूट म्हणून जगाला माहीत आहे. परदेशी पाय बुटात घालून खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी होता. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलातून अनवाणी चालतो. शर्मा यांनी हे जाणले, कारण त्यांचे हात कारागिराचे होते. म्हणून आमचे म्हणणे असे की स्नायूंच्या सेन्सरवर चालणारे हात उद्या भारतात घडवले जातील, तेव्हा ते घाम, धूळ, ग्रीस आणि पाऊस यांना टिकतील असे घडवले पाहिजेत. त्यांची परीक्षा वातानुकूलित खोलीत न होता यार्डात आणि सॉर्टिंगच्या टेबलापाशी झाली पाहिजे. हे अशक्य नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जखमी सैनिकांसाठी काम करीत आले आहे. मुंबईत हाजी अली येथील संस्था १९५५ ची, कानपूरचा सरकारी कृत्रिम अवयव कारखाना १९७२ चा. सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोने स्वतः नियंत्रण करणारा कृत्रिम पाय तयार केल्याचे जाहीर केले. त्या वेळी १० ते ६० लाखांना मिळणाऱ्या परदेशी पायाच्या जागी तो ४ ते ५ लाखांत देता येईल, अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. कारखाने आहेत, बुद्धी आहे. निधी आणि इच्छा यांचा प्रश्न आहे.

आता संघटनेच्या कामाकडे वळू.

पहिला प्रश्न पैशाचा. नुकसानभरपाई एकदाच मिळते. अवयव मात्र झिजतो, मोडतो, जुना होतो. पंचविसाव्या वर्षी हात गमावलेल्या कामगाराला निवृत्तीपर्यंत अनेक हात लागतील. २००९ च्या दुरुस्तीने कामावरील दुखापतीच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरून देण्याची तरतूद नुकसानभरपाई कायद्यात आली. कृत्रिम अवयव हा उपचाराचाच भाग आहे, ही आमची भूमिका आहे. रस्ता अपघाताच्या एका प्रकरणात, मोहम्मद साबीर विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळ, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा येतो, हे ध्यानात घेऊन भरपाई वाढवून दिली. जे रस्त्यावर लागू ते रुळावर का नाही? प्रत्येक शाखेने आपल्या दाव्यांच्या फाइलमध्ये या निकालाची प्रत ठेवावी.

दुसरा प्रश्न नोकरीचा, आणि इथे सावध राहिले पाहिजे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबत या खटल्यात एक मोलाचा निर्णय दिला. एका सुताराचा डावा हात गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली, असे न्यायालयाने मानले. तक्त्यातला टक्का काहीही असो, कामगाराचे काम काय हे पाहिले पाहिजे, हे तत्त्व त्यातून मिळाले. उद्या एखादा हुशार वकील उभा राहील आणि म्हणेल की याला तर विचारावर चालणारा हात मिळाला आहे, मग कमाईची शक्ती गेली कुठे? हा युक्तिवाद येणार हे गृहीत धरूनच चालावे. यंत्राच्या हाताने भरपाई कमी होता कामा नये, हे आम्ही आजच स्पष्ट सांगून ठेवतो. उधारीची काठी मिळाली म्हणून मोडलेला पाय धड झाला, असे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या बाजूने, हात मिळाल्याचे निमित्त करून कामगाराला पुन्हा त्याच धोक्याच्या जागी लोटले जाण्याचीही भीती आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास किंवा त्याचा दर्जा कमी करण्यास मनाई केली होती. त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे, असे ते कलम सांगत होते. २००३ साली कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पाय गमावलेल्या कर्मचाऱ्याला मिळवून दिले. २०१६ च्या नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये ते कायम आहे. रेल्वेतील मेडिकल डिकॅटेगरायझेशनची प्रक्रिया आमच्या वाचकांना चांगली ठाऊक आहे. कृत्रिम हात घेऊन जुन्याच कामावर जायचे की पर्यायी काम घ्यायचे, याचा निर्णय वैद्यकीय सल्ल्याने आणि कामगाराच्या संमतीने व्हावा. साहेबांच्या सोयीने नव्हे.

तिसरा प्रश्न नवा आहे. ही वस्तू खुंटीवर टांगून ठेवण्याची नाही, ती शरीरात राहते. अमेरिकेतील सेकंड साइट नावाच्या कंपनीने अंधांसाठी डोळ्यात बसवण्याचे यंत्र बनवले आणि जगभरात ३५० हून अधिक जणांना ते बसवले गेले. २०१९ साली तिने ते बनवणे थांबवले, २०२० साली कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि ज्यांच्या डोळ्यांत ते यंत्र होते त्यांना दुरुस्तीसाठी दार उरले नाही. कंपनी बुडाली तर भागधारकाचे भांडवल जाते. इथे मात्र माणसाच्या अंगातला भाग निकामी झाला. म्हणून सुटे भाग, दुरुस्ती आणि सेन्सर काढून घेण्याची शस्त्रक्रिया यांची हमी सरकारी संस्थेने घेतली पाहिजे. तसेच कामगाराच्या स्नायूंतून निघणारी माहिती ही त्याची स्वतःची आहे. तो किती वेगाने हात हलवतो, किती वेळ थांबतो, हे मोजून त्याचे काम ठरवण्याचा अधिकार कोणत्याही प्रशासनाला असू नये.

चौथा प्रश्न आमच्याच घरातला आहे. विभागीय टपाल कर्मचाऱ्याला केंद्र सरकारच्या वैद्यकीय नियमांचा आधार आहे, रेल्वे कर्मचाऱ्याला रेल्वे रुग्णालय आहे. परंतु खेड्यापाड्यांत तीच टपालाची थैली वाहणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला त्या वैद्यकीय योजनांचे छत्र नाही. रुळांवर काम करणाऱ्या कंत्राटी मजुराची स्थिती त्याहून बिकट. राज्य कामगार विमा योजनेत कृत्रिम अवयव मिळतो. पण ठेकेदाराने नावच नोंदवले नसेल तर मजुराने कोणत्या खिडकीवर उभे राहायचे? कपलिंगमध्ये सापडलेला हात कायम नोकराचा आहे की कंत्राटी मजुराचा, हे लोखंड पाहत नाही. आपली संघटनाही ते न पाहता उभी राहिली तरच या मागण्यांना नैतिक बळ येईल.

आणि या सर्वांच्या आधीचा प्रश्न, हात जातोच कसा? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी काम करताना मृत्युमुखी पडले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले, असे त्यात नमूद आहे. गाड्यांच्या अपघाताची बातमी होते. रुळावर एकट्यादुकट्याने मेलेल्या गँगमनची होत नाही. पुरेसे लुकआउटमन, पॉवर ब्लॉक मिळाल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात न लावण्याची मुभा, शंटिंगला पुरेशी माणसे, रिक्त जागांची भरती, या मागण्या जुन्या आहेत म्हणून शिळ्या होत नाहीत. जगातला सर्वांत महाग कृत्रिम हात एका अर्थिंग रॉडपेक्षा महाग आहे. कामगाराला नवा हात देण्याची भाषा करणाऱ्या कोणालाही आम्ही प्रथम विचारू, जुना वाचवण्यासाठी काय केले?

आमच्या या पानांचे वाचक मुंबई, सोलापूर, नागपूर येथे आहेत, तसेच इटारसी, हुबळी, सिकंदराबाद येथेही आहेत. त्या सर्वांना आमची विनंती आहे. आपल्या शाखेत ज्या बांधवाचा हात किंवा पाय कामावर गेला आहे, त्याच्या घरी एकदा जाऊन या. त्याला कोणता अवयव मिळाला, तो वापरतो की कोपऱ्यात पडून आहे, पडून असेल तर का, नवा मागितला तेव्हा कार्यालयाने काय उत्तर दिले, हे लिहून आणा. मागणीपत्र आम्ही वातानुकूलित परिषदेत तयार करणार नाही, या नोंदींवरून तयार करू. अवयव, त्याची दुरुस्ती, त्याचा सराव आणि सरावाच्या काळातील पूर्ण पगार हा नुकसानभरपाईव्यतिरिक्त हक्क म्हणून मिळावा, हे त्या मागणीपत्राचे पहिले कलम राहील.

हात गेल्यावर माणूस संपला असे समाजाने पुष्कळदा मानले आणि कित्येकदा त्या कामगारानेही मानले. शिकागोच्या शस्त्रक्रियेने आणि स्वीडनच्या ट्रक ड्रायव्हरने दाखवून दिले की हुकूम आत शाबूत असतो, त्याला फक्त वाट हवी असते. शरीरातली वाट डॉक्टर आणि अभियंते शोधत आहेत. कचेरीतली वाट आपल्याला काढायची आहे.